घाईत घेतलेलं ब्रेड मशीन: तिसरा ब्रेडही फसला, कुठे चुकतंय?

शांत दुपार

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं तर तुम्हालाही अंदाज येणार नाही.

सव्वा महिन्यापूर्वी मी ब्रेड मशीन घेतलं. घ्यायचं असं काही मनात नव्हतं. त्या दिवशी ऑफिसात उशीर झाला होता. जिना चढताना खालच्या मजल्यावरच्या एका घरातून ताज्या ब्रेडचा वास आला आणि माझे पाय तिथेच थांबले. आई माझ्याकडे राहते. संधिवाताने तिची बोटं वाकडी झाली आहेत. ज्या हातांनी तिने चाळीस वर्षं रोज पीठ मळलं, त्या हातांना आता बरणीचं झाकण फिरवता येत नाही. दातही फारसे उरले नाहीत, त्यामुळे रात्री ती दुधात बुडवून ब्रेड खाते. पण विकतच्या ब्रेडला ती कधी नावं ठेवत नाही, नुसती ताटलीत अर्धा ठेवून उठते. तो उरलेला अर्धा तुकडा मला रोज दिसतो. त्या रात्री वर आले, जेवण गरम करायला ठेवलं आणि ते गरम होईपर्यंत फोनवरून मशीन मागवूनही झालं. ओट्यावर जागा आहे का हे पाहिलं नाही, कुणाला विचारलं नाही, कुणाचा अभिप्रायही वाचला नाही.

आतापर्यंत तीन ब्रेड केले.

पहिला सोबतच्या पुस्तिकेप्रमाणे: ३ कप मैदा, ३०० मिली पाणी, साखर, तेल, मीठ, यीस्ट. सोबत आलेल्या कपानेच मोजलं. काचेतून बघत होते. इतका सुंदर फुगला की झाकणाला टेकेल असं वाटलं. आईला हाक मारून दाखवलाही. भाजायला लागला आणि पंधरा मिनिटांत मधोमध खड्डा पडला. कापल्यावर वरचा भाग जाळीदार आणि खालची दोन बोटं ओली, चिकट.

दुसऱ्या वेळी वाटलं की यीस्टचा जोर कमी पडला, म्हणून ते थोडं वाढवलं. खड्डा आणखी खोल गेला आणि ब्रेडला आंबूस वास आला.

तिसरा ब्रेड पूर्ण कोंड्यासकट गव्हाच्या पिठाचा केला, कारण आईला तो जास्त मानवेल असं वाटलं. पाणी तेवढंच ठेवलं. तो फुगलाच नाही. वर मशीनचं पातं ब्रेडच्या आत अडकून बाहेर आलं आणि ते काढताना अख्खा तळ फाटला.

मशीन सदोष आहे का? परत करण्याची मुदत संपत आलीय. झाकण मी एकदाही उघडलं नाही, कारण पुस्तिकेत ‘चालू असताना उघडू नये’ असं लिहिलंय. मला परत करायचं नाहीये, खरं सांगते. पण चौथ्यांदा आईला हाक मारून खड्डा दाखवायचा नाही.


पिठाळ हात

ताई, मशीन चांगलं आहे, परत करू नका. ते मळतंय, फुगवतंय, भाजतंय. तुम्ही सांगितलेली लक्षणं सगळी पिठा-पाण्याची आहेत. मी नऊ वर्षं अशाच मशीनवर ब्रेड करतो, तेव्हा यातले सगळे खड्डे माझ्याही ओळखीचे आहेत.

आधी ब्रेड का बसतो ते सांगतो. यीस्ट साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. मळताना पिठात ग्लुटेनची, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनांची, जाळी तयार होते, ती हा वायू धरून ठेवते. जाळी ताणली जाऊन फार पातळ झाली, की भाजण्याच्या उष्णतेने आतला वायू आणखी पसरतो, जाळी फाटते आणि छप्पर खाली येतं. जाळी इतकी ताणली जायला पाणी जास्त, यीस्ट जास्त, मीठ कमी किंवा स्वयंपाकघर गरम, यातलं कुठलंही एक कारण पुरतं. म्हणून दुसऱ्या खेपेला यीस्ट वाढवल्यावर खड्डा मोठा झाला. आंबूस वासही त्याचाच.

हाताने ब्रेड करणारा माणूस पीठ पुरेसं फुगलं की भट्टीत सरकवतो. मशीन पिठाकडे बघत नाही. त्याची वेळ झाली की ते भाजणार, पीठ तयार असो, नसो, की अर्ध्या तासापूर्वीच होऊन गेलेलं असो. त्यामुळे पीठ मशीनच्या वेळेला तयार होईल असं आपण बघायचं. सगळं शिकायचं ते एवढंच आहे, पण ते पुस्तिकेत कुठेच लिहिलेलं नसतं.

आता झाकण. फुगताना आणि भाजताना उघडायचं नाही, ते बरोबर आहे; ऊब जाते आणि वरचा भाग बसतो. पण मळताना बिनधास्त उघडा, उघडायलाच हवं. मळणं सुरू झाल्यावर सातव्या-आठव्या मिनिटाला बघा. भांड्याच्या भिंती स्वच्छ झालेल्या असाव्यात आणि पात्याभोवती एक गुळगुळीत गोळा फिरत असावा, तळाशी किंचित चिकटणारा. गोळा न होता पीठ पसरून भिंतींना लागत असेल, तर एकेक चमचा पीठ घाला. तुटक तुटक गोळे होऊन मशीन धडधडत असेल, तर एकेक चमचा पाणी. चमचा घातला की मिनिटभर थांबायचं, मगच दुसरा. कोरडं पीठ पाणी प्यायला वेळ घेतं.

आणि वजनकाटा घ्या. कपाने मोजलेलं पीठ कधीच दोनदा सारखं भरत नाही. तुम्ही डब्यात कप खुपसून भरता की चमच्याने कपात घालता? मीठ किती घातलं होतं? यीस्ट कुठलं आणि किती जुनं? एवढं सांगा, मग पुढचं बोलू.


रात्रपाळी

वेगळं मत मांडते. माझ्याकडेही असंच उत्साहात घेतलेलं मशीन आहे आणि मी त्यात ब्रेड भाजणं केव्हाच सोडलं. फक्त मळायचा प्रोग्रॅम लावते. माझ्या मशीनला दीड तास लागतो, त्यात मळून, एकदा फुगवून पीठ हातात येतं. मग गोळा हव्या त्या आकाराचा करून ओव्हनमध्ये. पात्याचं भोक नाही, चौकोनी डबा नाही, आणि दुसऱ्यांदा फुगलेलं कधी पुरे हे माझं मी ठरवते. शांत दुपार, घरात ओव्हन असेल तर याचा विचार कराच.


शांत दुपार

दोघांचेही मनापासून आभार. ओव्हन नाही आणि आता दुसरं काही घ्यायचं नाही असं मी ठरवलंय, त्यामुळे भाजणं मशीनमध्येच.

पिठाळ हात, तुमचा निरोप वाचून शेजारून वजनकाटा मागून आणला. मी दिवसभर हिशेबाचंच काम करते, त्यामुळे एकदा मोजून समाधान होत नाही. एकच कप, एकच डबा. सहा वेळा कप खुपसून पीठ काढलं आणि सुरीने वरून सपाट केलं. ग्रॅममध्ये आलं ते असं: १२६, १४८, १३९, १५३, १३१, १४५.

हे आकडे वहीत लिहून मी बराच वेळ बघत बसले. ३ कप म्हणजे कमीत कमी ३७८ ग्रॅम आणि जास्तीत जास्त ४५९. पाणी दोन्हीकडे ३०० मिली. म्हणजे एका दिवशी पिठाच्या ७९ टक्के पाणी आणि दुसऱ्या दिवशी ६५ टक्के, आणि मला मात्र दोन्ही दिवशी वाटणार की मी अगदी पुस्तिकेप्रमाणे केलं. पहिला ब्रेड खाली ओला का राहिला हे मला काट्यावर दिसलं.

मिठाचं सांगायचं राहिलं होतं. आईचं ब्लडप्रेशर वर असतं, म्हणून पुस्तिकेतल्या मापाच्या अर्धंच घातलं होतं. तेवढ्याने एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं, म्हणून लिहिलंही नाही.

यीस्ट इन्स्टंट, कोरडं. पाकीट मशीनबरोबरच घेतलं होतं. उघडल्यापासून चिमटा लावून फडताळात आहे. सध्या उकाडा खूप आहे.


पिठाळ हात

सापडलं मग! मीठ हेच मुख्य कारण, आणि उकाडा त्याच्या जोडीला.

मीठ यीस्टचा वेग आवरतं आणि ग्लुटेनची जाळीही घट्ट करतं. साधारणपणे पिठाच्या दीड ते दोन टक्के मीठ धरतात, म्हणजे ४५० ग्रॅम पिठाला ७ ते ९ ग्रॅम. ते अर्ध्यावर आणलंत तर यीस्टही कमी करायला हवं, नाहीतर ते मोकाट सुटतं. आईंसाठी मीठ कमी ठेवा, ते योग्यच आहे. सुरुवात अशी करा: मैदा ४५० ग्रॅम, पाणी २८५ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, यीस्ट ३ ग्रॅम, साखर १० ग्रॅम, लोणी किंवा तेल २० ग्रॅम. पाणीसुद्धा काट्यावरच तोला, मापाच्या पेल्यात डोळा फसतो. पाणी पिठाच्या साधारण ६३ टक्के आहे, मैद्याला तेवढं ठीक. उकाडा आहे तोवर पाणी फ्रिजमधलं गार घ्या. मळताना घर्षणानेही पीठ तापतं, त्यामुळे कोमट पाण्याची काही गरज नाही.

५ ग्रॅम आणि ३ ग्रॅम साध्या काट्यावर नीट कळत नाहीत. मीठ, यीस्ट वेगवेगळं घेऊन चमच्याची एक खूण ठरवून घ्या. दहा सपाट चमच्यांचं एकत्र वजन करून दहाने भागा, हिशेब तुम्हाला सांगायला नको.


प्रयोगवही

यीस्टबद्दल थोडं. कोरड्या यीस्टला हवा आणि ओल सोसत नाही. उघडलेलं पाकीट चिमटा लावून उकाड्यात ठेवलं तर ते दिवसेंदिवस मंद होत जातं. आज ३ ग्रॅमने जे काम झालं ते दोन महिन्यांनी होणार नाही, आणि तुम्हाला वाटेल पुन्हा माप चुकलं. घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये, शक्यतो फ्रीझरमध्ये ठेवा.

शंका आली तर तपासून बघा. अर्धा कप कोमट पाणी, साधारण ४० अंश सेल्सिअस, म्हणजे मनगटाला जेमतेम ऊब जाणवेल एवढं. त्यात चमचाभर साखर आणि चमचाभर यीस्ट. दहा मिनिटांत वर दाट फेस यायला हवा. पाणी फार गरम घेऊ नका, ५५-६० अंशांना यीस्ट मरतं.

आणखी एक. टायमर लावून पहाटे ब्रेड तयार व्हावा असं कधी ठरवलंत, तर तळाला पाणी, त्यावर पीठ आणि पिठात खळगा करून त्यात यीस्ट, असं रचा. यीस्टला वेळेआधी पाणी लागता कामा नये. दूध, अंडं घालायचं असेल त्या दिवशी टायमर नकोच, रात्रभर ते बाहेर राहू देऊ नका.


वाचता वाचता

विषयाला धरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९८५च्या सुमारास जपानमधल्या ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीत घरगुती ब्रेड मशीन बनवायचं काम चाललं होतं. मशीन काही केल्या नीट मळेना. कवच करपायचं आणि आतला भाग धड शिजायचाही नाही. त्यांनी मशीनने मळलेल्या आणि कसबी बेकरने मळलेल्या पिठाचे एक्स-रे काढून शेजारी शेजारी ठेवले. तरीही उमगलं नाही. मग इकुको तानाका या सॉफ्टवेअर डेव्हलपरने ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकायला जायचं ठरवलं, कारण त्या शहरात त्यांचा ब्रेड सर्वांत चांगला मानला जायचा. शिकता शिकता एके दिवशी तिच्या लक्षात आलं की ते पीठ नुसतं दाबत नाहीत, एका विशिष्ट तऱ्हेने पीळ देऊन ताणतात. त्यांनाही ते शब्दांत सांगता आलं नव्हतं, हात ते करत होते. तिने ते इंजिनिअरांना समजावलं आणि साधारण वर्षभराच्या खटपटीनंतर मशीनच्या आत खास कंगोरे बसवून तो पीळ साधला गेला.

शांत दुपार, तुमच्या आईंनी चाळीस वर्षं पीठ मळलंय. झाकण उघडाल तेव्हा त्यांना जवळ बसवा.


शांत दुपार

चौथा ब्रेड आज झाला. तुम्ही सगळ्यांनी एवढं मन लावून लिहिलंत, म्हणून जसं घडलं तसं सांगते.

‘वाचता वाचता’, तुमचा निरोप मी आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. पण सकाळी मी काटा काढला तेव्हा तिने स्वतःच स्टूल ओट्याजवळ ओढायला सांगितलं.

पिठाळ हात यांच्या मापाने सगळं तोलून घातलं. पाणी गार, यीस्ट सगळ्यात वर. प्रोग्रॅम सुरू केला, घड्याळ लावलं आणि आठव्या मिनिटाला झाकण उघडलं. इतके दिवस ज्या आवाजाला मी बाहेरून घाबरत होते, तो आत बघितल्यावर अगदी साधा वाटला. पातं फिरत होतं, गोळा त्याच्याबरोबर लोटांगण घेत होता आणि प्रत्येक फेरीला भिंतीला थाप मारून परत येत होता. भिंती स्वच्छ होत्या. मला वाटलं, जमलं.

आई वाकून बघत होती. म्हणाली, “थांबव.” मी मशीन थांबवलं, पातं पूर्ण थांबल्याची खात्री केली. तिने उजव्या हाताचं मधलं बोट, जे आता सरळ होत नाही, त्याच्या पेराने गोळ्यावर हलकेच दाबलं. दाबलेली जागा वर आली, पण सावकाश, आणि कडेला एक बारीक भेग पडली. मला ती भेग तिने दाखवेपर्यंत दिसली नव्हती. ती म्हणाली, “पाणी मागतंय. एक चमचा.” मी एक चमचा घातला. मशीन सुरू केलं. मिनिटभर गोळा निसरडा झाला, भिंतीला ओल लागली, मला वाटलं बिघडलं. मग ती ओल त्याने पिऊन टाकली. पुन्हा थांबवलं, पुन्हा तिचं बोट. “आणखी अर्धा.” त्यानंतर गोळ्याला जी लकाकी आली ती वेगळीच होती. तिने दाबलं तर खळगा पडला आणि भेग न पडता भरून आला. तिने बोट कपाळावरच्या केसांना पुसलं, पूर्वी पुसायची तसं, आणि स्टुलावर मागे टेकून बसली.

म्हणजे पाणी २८५ अधिक सुमारे ७ ग्रॅम. वहीत २९२ लिहिलंय, आणि पुढे कंसात ‘आई’.

दुसऱ्यांदा मळून झाल्यावर, शेवटच्या फुगण्याआधी, मशीन मिनिटभर थांबवून पीठ उचललं आणि पातं काढून घेतलं. हे मी दुसरीकडे वाचलं होतं. हाताला तेल लावलं होतं, तरी थोडं चिकटलं. पीठ परत ठेवताना आईने सांगितलं की नुसतं टाकू नकोस, कडा खाली दुमडून वरचा भाग ताणून ठेव. तसं केलं.

यावेळी फुगताना तो झाकणापासून चांगला तीन बोटं खाली राहिला. आधी थोडी निराश झाले. भाजताना मात्र आणखी वर आला आणि तसाच राहिला. बसला नाही. तळाला पात्याचं भगदाड नाही, फक्त दांड्याचं बोटाच्या टोकाएवढं भोक.

आता शंका दोन. मशीन वाजल्यावर दहा मिनिटं तसंच राहिलं, कारण आईला औषध देत होते. बाजूच्या कडा थोड्या दमट झाल्या. आणि लगेच कापला तर सुरीला आत चिकटला. आईने मात्र कडेचा तुकडा दुधात बुडवून अख्खा संपवला. दुसरा मागितला. हा भाग मला तुम्हाला सांगायचाच होता.


पिठाळ हात

ताई, वाचून फार बरं वाटलं. आईंना माझा नमस्कार सांगा. ती भेग बघणं मला यायला तीन वर्षं लागली.

दमट कडा: वाजल्याबरोबर ब्रेड बाहेर काढा. भांड्यात राहिला तर वाफ कोंडते आणि तीच कडांना लागते. खाली हवा खेळेल अशा जाळीवर ठेवा, ताटावर नको. कापायला निदान एक तास थांबा. गरम असतो तोवर आतला स्टार्च पुरता घट्ट झालेला नसतो, म्हणून चिकट वाटतो आणि आपल्याला वाटतं कच्चा राहिला. खरंच कच्चा आहे का हे बघायचं असेल आणि स्वयंपाकाचा थर्मामीटर मिळाला, तर मधोमध ९३ ते ९६ अंश सेल्सिअस आलं की झाला समजा.

उरलेला ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका, हे आवर्जून सांगतो. फ्रिजच्या तापमानाला स्टार्च सगळ्यात लवकर कडक होतो. एक-दोन दिवसांचा बाहेर झाकून ठेवा, बाकीचा पूर्ण गार झाल्यावर कापून फ्रीझरमध्ये. हवा तेवढा तुकडा काढून गरम केला की जवळजवळ ताज्यासारखा लागतो.

भांडं धुताना पात्याचा दांडा बसतो तो खालचा भाग पाण्यात बुडवून ठेवू नका, तिथलं सील खराब होतं. आत कोमट पाणी घालून दहा मिनिटं ठेवा, पुरतं. आणि मशीन ओट्याच्या कडेपासून लांब ठेवा, घट्ट पीठ मळताना ते हळूहळू सरकत जातं.


रात्रपाळी

मी वर लिहिलेलं ओव्हनचं मागे घेते. तुमच्या घरी हेच बरोबर आहे.

गव्हाच्या पिठाचा ब्रेड पुन्हा करणार असाल तर: कोंडा पाणी खूप पितो आणि सावकाश पितो, म्हणून मैद्याच्या मापाने पाणी घातलं की ते पीठ कोरडं राहतं. त्यात कोंड्याचे कण जाळीलाही कापतात. ७० ते ७५ टक्के पाणी धरा. आधी फक्त पीठ आणि पाणी कालवून अर्धा तास तसंच ठेवा, मीठ-यीस्ट नंतर. ही पद्धत फ्रान्सचे ब्रेडतज्ज्ञ रेमंड काल्वेल यांनी १९७४च्या सुमारास मांडली, तिला ‘ऑटोलीज’ म्हणतात. नुसतं पडून राहूनही ग्लुटेन जुळायला लागतं, मग मळणं कमी लागतं. पहिल्यांदा अर्धा मैदा, अर्धं गव्हाचं करा आणि मशीनचा होल व्हीट प्रोग्रॅम लावा, त्यात फुगायला जास्त वेळ दिलेला असतो.


शांत दुपार

आज अर्धा-अर्धा केला. मैदा २२५, गव्हाचं पीठ २२५, पाणी ३१५, म्हणजे ७० टक्के. पीठ-पाणी अर्धा तास भिजत ठेवलं. आई मध्येच दोनदा येऊन झाकण उचलून बघून गेली. मीठ ५, यीस्ट ४, कारण हे पीठ जड आहे. यावेळी तिने मला दाबायला लावलं. मी म्हटलं, “बरोबर वाटतंय.” तिने नुसती मान हलवली आणि स्वतः दाबून बघितलं. दोन चमचे पाणी आणखी लागलं.

फार उंच झाला नाही, पण वरचा माथा गोल राहिला. तासभर थांबणं कठीण गेलं. कापला तेव्हा आत बारीक, सारखी भोकं, आणि सुरी कोरडी बाहेर आली. दोन तुकडे खालच्या मजल्यावर देऊन आले. त्या घरात मशीनच नाही, त्या काकू हाताने मळतात. त्यांनी आईला उद्या बोलावलंय.

पाणी ३१५ अधिक १०. वहीत मांडून ठेवलंय. पुढच्या वेळी यीस्ट पुन्हा ३वर आणून बघते, फुगणं थोडं लवकर आटोपलं असं आईचं म्हणणं आहे.